खंडेनवमीचं अपडेट

आमच्या घरात एक दंडक आहे. खंडेनवमीला कॉम्प्युटर पुसायचा, झेंडूची माळ घालायची, हळदकुंकू लावायचं आणि त्याला गप पडू द्यायचं. पडद्याच्या कोपऱ्यात "नवीन अपडेट आलंय, घेऊ का?" असं काही उमटलं तर लग्नात उगाच ओळख काढणाऱ्या बाईकडे बघतात तसं बघायचं. म्हणजे हसायचं आणि पुढं सरकायचं.

यंदा नात पुण्याहून सुट्टीला आली आणि तिनं नेमकं त्याच दिवशी त्या कोपऱ्यावर बोट ठेवलं. मी स्वयंपाकघरातून ओरडले, "हात काढ!" पोरीला वाटलं शॉक बसतोय. ती खुर्चीसकट मागं सरकली.

"आज्जी, तू जन्मभर कॉम्प्युटरवर काम केलंस. आणि तूच अशी अंधश्रद्धाळू?"

"श्रद्धा कसली? खाल्लेली चपराक आहे ती."

"कुणी मारली?"

"मीच, मला. ये इकडं, सांगते."

मी तेव्हा कुकरच्या झाकणात रिंग बसवत होते आणि ती बसत नव्हती. आदल्या दिवशी सात रस्ता चौकातल्या दुकानातून आणलेली. दुकानदारानं बिचाऱ्यानं विचारलं होतं, "मावशी, कंपनी कुठली, लिटर किती, झाकण आतून बसतंय का वरून?" मी ऐटीत म्हणाले, "पाच लिटर, द्या." घरी येऊन बघते तर डोळ्याला तीच, हाताला तीच, पण एका बाजूनं दाबली की दुसऱ्या बाजूनं वेडावून दाखवतेय. नातीला म्हटलं, ही रिंग हातात आहे तोवर ऐकून घे, नंतर मला दुसरं उदाहरण सापडायचं नाही.

तर, ती बाई. म्हणजे मीच, पण पंचेचाळिशीतली. मी तिला 'ती बाई' म्हणते, कारण माझं तिच्याशी फारसं पटत नाही. केस खांद्यापर्यंत कापलेले, पँटवर कुर्ता, कमरेला मोबाइलची कातडी पिशवी. उन्हात स्कूटीवर बसताना असा गॉगल चढवायची की जणू पलीकडं विमान उभं आहे. गावाकडची भावजय एकदा म्हणाली, "वन्सं, तुमी वायरमन झालाव का काय?" तर ती बाई म्हणते, "सिस्टिम्स बघते मी." भावजयीनं मान हलवली आणि आत जाऊन सगळ्यांना सांगितलं, वन्सं वायरमन झाल्या.

मुलं शाळेत जायला लागल्यावर तिनं कोर्स केला होता आणि औद्योगिक वसाहतीतल्या एका चादरीच्या कारखान्यात लागली होती. बाहेर मागांचा खडखडाट, आत काचेच्या खोलीत डिझाइनचे कॉम्प्युटर. ते सांभाळायचं तिचं काम. कुणी न सांगता, सगळ्यांच्या आधी, सगळं नवं करून ठेवायचं हा तिचा छंद. नवी आवृत्ती आली की हिच्या हाताला खाज सुटायची.

त्याच खोलीत एक मामा बसायचे. सगळा कारखाना त्यांना मामाच म्हणायचा. जुने डिझाइन मास्तर, विणकरांच्या घरातले. घरी तेलुगू, कामावर मराठी, आणि चिडले की दोन्ही एकदम. कॉम्प्युटर यायच्या आधी मोठ्या आलेख कागदावर एकेक चौकोन ब्रशनं भरून चादरीची नक्षी काढणारे ते. एक चौकोन चुकला की मागावर एक धागा चुकणार, अशी ती वस्तू. कागद काढून झाला की ती बाई तो स्कॅन करायची, साफ करायची आणि फाइल सर्व्हरवर ठेवायची.

मग मामांच्या हाताला कंप सुटला. आधी चहाच्या बशीत कळला, मग ब्रशमध्ये. मामा त्याला हसून घालवायचे. "आता मी काढली तर लाटा लाटा येत्यात बाई. समुद्राची चादर करू या." पण मनात एक ठरवलं होतं. त्यांच्या मुलीचं लग्न तुळशीच्या लग्नानंतर ठरलं होतं, आणि तिला द्यायच्या चादरीची नक्षी त्यांना स्वतःच्या हातानं काढायची होती. पुढं हात राहणार नाही हे त्यांना कळत होतं. डाव्या हातानं उजवं मनगट धरून त्यांनी ती काढली. अख्खा पावसाळा लागला. नक्षी करडईच्या फुलांची.

मी म्हणाले, "मामा, मोर नाही, कमळ नाही, करडई? काटे टोचतील की पोरीला."

"टोचू द्या. जावई दूर झोपंल."

खरं कारण त्यांनी नंतर सांगितलं. बायकोला लग्न करून एसटीनं सोलापुरात आणताना वाटेत दोन्ही अंगांनी करडई फुललेली होती. ती खिडकीशी बसून रडत होती आणि यांना काय बोलावं सुचेना, म्हणून हे तिला फुलंच दाखवत बसले. तेवढीच त्यांची पहिली बोलणी.

कागद स्कॅन झाला, फाइल झाली. आणि भाद्रपदातल्या एका रात्री मामांच्या घराचा पत्रा गळला, तो बरोबर त्या कागदाच्या गुंडाळीवर. पिवळा तांबड्यात, तांबडा हिरव्यात. सकाळी मामा कामावर आले ते हसतच. "बाई, कागद न्हाऊन बसलाय. तुमच्या पेटीत हाय न्हवं?"

"आहे की मामा. डिस्कवर एकदम सुरक्षित."

बघितलं? त्या बाईचा आवाज मला अजून ऐकू येतो. एकदम सुरक्षित.

नातीनं इथं मला थांबवलं. "बॅकअप नव्हता?"

"होता तर! रोज संध्याकाळी न चुकता घ्यायची."

"मग?"

"त्याच डिस्कवर."

नातीनं कपाळाला हात लावला. लाव बाई. मीही लावते.

आता त्या डिस्कची गंमत सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. डिस्क म्हणजे फडताळ समजा. फडताळात डबे कसे रचायचे, कुठल्या डब्यात काय, याची एक रीत असते, तिला फाइलसिस्टिम म्हणायचं. माझ्या सासूबाई साखर हळदीच्या डब्यात ठेवायच्या आणि हळद चहाच्या. त्या गावाला गेल्या की भरलेलं फडताळ आम्हाला रिकाम्यासारखं. ऑपरेटिंग सिस्टिमचा जो गाभा असतो, कर्नल, ती घर चालवणारी बाई. नेहमीच्या रीती तिला माहेरूनच येतात. पण आमच्या डिझाइनच्या फायली म्हशीएवढ्या, म्हणून पुण्याहून आलेल्या माणसांनी मोठ्या डिस्कवर बाहेरच्या एका कंपनीची रीत लावून दिली होती. ती कर्नलला शिकवायला वेगळं पॅकेज बसवावं लागायचं. आणि ते पॅकेज कर्नलच्या मापाचं. आवृत्तीतला शेवटचा आकडा बदलला तरी नवं पॅकेज हवं. रिंगेसारखं, अगदी.

हे त्या बाईला माहीत नव्हतं असं नाही. माहीत होतं. पण खंडेनवमी होती.

आमच्याकडं त्या दिवशी कारखान्यात माग बंद. मागाला तेल, धुणं-पुसणं, गुंतवळ काढणं. कात्र्या, धोटे, पाने, वजनकाटा, सगळं घासूनपुसून ओळीनं मांडायचं. मळकं अवजार देवापुढं ठेवायचं नाही. मग पूजा. दसऱ्याला कुणी कशाला हात लावायचा नाही, आणि एकादशीला सकाळी नारळ फोडून कामाला सुरुवात. तर सगळा कारखाना अवजारं घासत असताना माझ्या मनात आलं, बाहेरून फडकं मारून काय होतंय, यांना आतूनही आंघोळ घालू या. मामांनी वर फोडणी दिली. "घाला की. साबण लावून घाला."

घातली. सर्व्हरवरचं सगळं सगळं नवं केलं, कर्नलसकट. एवढ्यावर भागलं नाही. खंडेनवमीला जुनं मोडकं घरात ठेवू नये म्हणून आधीचे कर्नल होते तेही काढून टाकले. बोहारणीला जुने कपडे द्यावेत तसे. मग यंत्र बंद केलं आणि माळ घातली. नवा कर्नल चालू करून बघायला हवा होता. पण आंघोळ घालून, कुंकू लावून बसवलेल्या यंत्राला परत कोण उठवतंय? पूजेच्या पाटावर सर्व्हरच्या सीडी मांडल्या. चकचकीत बाजू वर, कारण दिव्याचा उजेड त्यात फार सुंदर पडत होता. "त्यांनाबी लावा की, तीबी अवजारंच," मामा म्हणाले. मी प्रत्येकीला ओल्या हळदकुंकवाचं बोट लावलं. चकचकीत बाजूला.

नात हसून हसून खाली बसली. हस. अजून यायचंय.

मालकांनी मामांना एकादशीचा एक दिवस दिला होता. कारखान्यात एकच माग नवा होता, थेट फाइलवरून नक्षी उचलणारा. त्यावर ताणा, म्हणजे उभे धागे, चढवून तयार होता. "मामा, दिवसभर माग तुमचा," मालक म्हणाले होते, "दुसऱ्या दिवसापासून दिवाळीची ऑर्डर. मग मला देव आला तरी माग मोकळा करता येणार नाही." त्यातही चार वाजता वीज जायची. भारनियमनाचे दिवस होते ते. म्हणजे नारळ फुटल्यापासून चारपर्यंत, त्यात काय ते.

मामा त्या दिवशी इस्त्रीचा सदरा घालून आले होते. खांद्यावर नवा टॉवेल. बायकोनं धपाटे बांधून दिले होते, सगळ्यांना पुरतील एवढे.

सर्व्हर चालू केला. पडद्यावर अक्षरं पळाली, थांबली, आणि एक ओळ आली. मराठीत सांगायचं तर, ही कुठली रीत, मला येत नाही.

मोठी डिस्क दिसेना.

"काय म्हणालंय?" मामांनी विचारलं.

"काही नाही मामा. सुट्टीवरून आलंय, आळसावलंय."

त्या बाईचा चेहरा मात्र काय वर्णावा. एअर होस्टेसचा. ती बाहेरच्या कंपनीच्या वेबसाइटवर गेली. तिथं ही लांबलचक यादी, या कर्नलला हे पॅकेज, त्या कर्नलला ते. आमचा कर्नल मात्र इतका नवा की त्याचं पॅकेज अजून कंपनीनंच केलेलं नव्हतं. हिनं कंपनीच्याही आधी आंघोळ उरकली होती. पुण्याच्या माणसांना फोन लावला तर तिकडं गाणं वाजतंय, मग बाई सांगतेय की दसऱ्यानिमित्त कार्यालय बंद.

मग तिनं शहाणपणा केला. यादीतलं सगळ्यात जवळचं पॅकेज घेतलं. एका आकड्याचा तर फरक! यंत्र म्हणालं, माप जुळत नाही. ही म्हणाली, जुळव. जबरदस्तीनं बसवायची एक सोय असते, ती वापरली. मी मघाशी रिंग दाबत होते ना, तशीच. सर्व्हरनं एक उसासा सोडला, पडदाभर आकडे ओकले आणि दगड झाला.

"आता काय म्हणालंय?" मामा.

"आता... काहीच म्हणत नाहीये."

मामा हसले नाहीत. त्यांनी टॉवेल खांद्यावरून काढून मांडीवर घेतला आणि घडी घालत बसले. घडी मोडायची, परत घालायची. हाताला काम दिलं की कंप कमी दिसतो.

सर्व्हर परत चालू करून ते पॅकेज उपटून काढलं. तेवढ्यात मालक आले. चांगला माणूस, पण त्यांना कुठलीही वस्तू अडलेली बघवत नसे. दार अडलं तर लाथ घालायचे, बाटलीचं झाकण अडलं तर दातानं. ते म्हणाले, "मॅडम, डिस्क काढून हिशेबाच्या कॉम्प्युटरला लावून बघा की. तिथं सगळं चालतं." तिचं डोकं चालत नव्हतं, तिनं लावली. तिथली सिस्टिम वेगळीच, तिला तर ही रीत स्वप्नातही माहीत नाही. तिनं डिस्ककडं बघितलं आणि अदबीनं विचारलं, ही डिस्क कोरी दिसते, फॉरमॅट करू का?

"विचारतंय ते," मालक म्हणाले, "हो म्हणा की," आणि माउसकडं हात नेला.

मी त्यांच्या हातावर चापट मारली.

हो. मालकाच्या. फट्कन आवाज झाला. मागांच्या खडखडाटातही सगळ्या कारखान्याला ऐकू गेला असेल. मालक हात चोळत माझ्याकडं बघतायत, मी वायर उपटून डिस्क छातीशी धरलीय. "सगळं पुसेल ते!" मी ओरडले. "मामांची चादर आहे आत! सगळ्यांच्या चादरी आहेत!"

मालकांनी हळूच हात खिशात घातला. "बरं बरं," म्हणाले, "मारता कशाला?"

मामा मात्र उठून माझ्याजवळ आले. माझ्या हातातल्या त्या लोखंडी डबीकडं बघत म्हणाले, "बाई, खरं सांगा. हाय का गेली?"

एअर होस्टेस तिथंच संपली. मी म्हणाले, "आहे मामा. आत आहे, जशीच्या तशी आहे. मला उघडता येईना."

"हाय न्हवं?" त्यांनी मोठा श्वास घेतला. "मग बसा. धपाटं खावा. उपाशी पोटी कुलूपबी उघडत न्हाई."

धपाटं खाता खाता, दह्यात बोट असताना, मला माझ्याच स्वयंपाकघरातली गोष्ट आठवली. नव्या कुकरची रिंग बाजारात मिळत नव्हती तेव्हा मी काय केलं होतं? माळ्यावरचा जुना कुकर काढला होता. त्याची रिंग होती की घरात. नव्या कर्नलला पॅकेज मिळत नसेल तर मिळतंय त्या मापाचा जुना कर्नल घालावा! कंपनीच्या यादीत जुन्याची पॅकेजं ढिगानं होती. आणि पुण्याच्या माणसांनी सर्व्हर बसवला तेव्हाचा कर्नल सीडीवर होता.

सीडीवर. पाटावर. हळदकुंकवाखाली.

दोन दिवसांत ते असं वाळलं होतं की जणू रंगच दिलाय. ड्राइव्हमध्ये घातली तर आत घरघर करून बाहेर. परत घातली, परत बाहेर. पुसायला पदर शोधते तर पदर कुठला, ती बाई प्रोफेशनल ना, पँट-कुर्ता! मामांनी मांडीवरचा टॉवेल पुढं केला. नवा, मऊ, आमच्याच गावचा. पाण्याचं बोट लावून मी पुसायला लागले, पण माझे हात आता मामांपेक्षा जास्त थरथरत होते. त्यांनी सीडी माझ्याकडून घेतली. "गोल गोल नको मामा, मधनं बाहेर पुसा," मी म्हणाले. त्यांनी डाव्या हातानं उजवं मनगट धरलं, जसं करडई काढताना धरायचे, आणि मधनं बाहेर, मधनं बाहेर, सगळं कुंकू काढलं.

ड्राइव्हनं सीडी गिळली. घरघर झाली. आणि थांबली नाही, पुढं गेली.

जुना कर्नल बसला. मोठी डिस्क परत जागेवर लावून सर्व्हर त्याच्यावर चालू केला. आता पॅकेज. या वेळी त्या बाईनं यंत्राला आधी नीट विचारलं, बाई गं, तुझी आवृत्ती सांग. ती कागदावर न लिहिता मोठ्यानं वाचली, आणि यादीतल्या नावावर मामांनी बोट ठेवून माझ्यामागून तपासली. मी म्हणायची "दोन," ते म्हणायचे "रेंडु." मी "सहा," ते "आरु." मी "नऊ," ते "तोम्मिदि." आडव्या रेघेनंतरच्या आकड्याशी आलो, तिथं मी घाईनं "बावीस" म्हणून गेले, तर बोट थांबलं. "बाई, हे इरवै न्हवं का?" यंत्राचं बावीस, पण त्यांच्या बोटाखालच्या नावात वीसच होतं. घाईत मी त्यांना एक ओळ वरच बोट ठेवायला लावलं होतं. त्या दिवसाला अशी घाई परत परवडली नसती. खालच्या ओळीवर बावीस सापडलं, मग शेवटची अक्षरंही एकेक करून जुळवली.

बसवलं. या वेळी यंत्रानं तक्रार केली नाही. डिस्क जोडायचा हुकूम दिला, तर पडदा गप.

"आता?" मामा. मालक दारात उभे, हात खिशातच.

"गप बसलंय म्हणजे काम झालंय," मी म्हणाले. हे सांगताना माझा माझ्यावरच विश्वास नव्हता. फायलींची यादी मागितली. आणि एकाखाली एक नावं यायला लागली, सगळ्या सणांची, सगळ्या गिऱ्हाइकांची, आणि त्यात करडई. फुलं आणि काठ, दोन वेगळ्या फायली. मी फुलांची उघडली. पडदाभर पिवळं झालं.

मामा पडद्याला नाक लावून एकेक चौकोन बघत गेले. मालक म्हणाले, "आयला, काटे बी काढलेत की."

पण घड्याळ कुणासाठी थांबतंय? जेवणाची वेळ टळून गेली होती. फाइल मागावर गेली, आधी वीतभर नमुना विणून बघितला, एक धागा तुटला, तो जोडला. चादर सुरू झाली तेव्हा दोन वाजून गेले होते. मामा मागापाशी उभे, मी त्यांच्यापाशी. ओळीमागून ओळ फुलं वर सरकत होती. साडेतीन वाजता मामांनी विणलेल्या भागाकडं बघितलं, घड्याळाकडं बघितलं, आणि मान हलवली.

"चारला काठ येत न्हाई."

"मग वीज आल्यावर उरलेलं घ्या," मालक म्हणाले. "तासा-दोन तासानं येईलच. मी काय नको म्हणतोय का?"

"तसं नको मालक. मधीच थांबून परत चालू केला की आडवी रेघ येतीय. पोरीच्या चादरीवर मधी रेघ नको." थोडं थांबून म्हणाले, "बाई, फुलाची शेवटची ओळ सोडून द्या. ही ओळ झाली की काठ लावा. काठ जिथं लागतो तिथं थांबल्यालं कळत न्हाई."

"आखूड होईल मामा. वीतभर."

"होऊ द्या."

ती ओळ संपली, माग थांबवला, मी काठाची फाइल दिली. काठ पुरा झाला, मामांनी कात्री मागितली, आणि ते कापत असतानाच दिवे गेले. सगळा कारखाना गप झाला. त्या अंधुक उजेडात मामा चादर अंगावर घेऊन उभे होते, आणि मालक म्हणत होते, "मामा, दिवाळीनंतर मी दुसरी विणून देतो, पुरी लांबीची. शब्द माझा."

शब्द त्यांनी पाळला. दिवाळीनंतर लगेच विचारलं. पण तोवर पोरीनं ती आखूड बघितली होती. तिनं निरोप धाडला, हीच.

लग्नात बघते तर जावई ताडमाड उंच! मी मामांना कोपरखळी मारली. "मामा, पाय बाहेर येणार हो याचे."

"येऊ द्या. अंथरूण बघून पाय पसरायला शिकंल."

पुण्याच्या माणसांनी पुढं नव्या कर्नलचं पॅकेजही पाठवलं, आणि मी ते सगळे आकडे जुळवून बसवलं. दुसरी डिस्कही घेतली बॅकअपला. आणि त्यानंतर कुठल्याही खंडेनवमीला कुठल्याही यंत्राला आतून आंघोळ घातली नाही.

मामा गेले त्याला आता बरीच वर्षं झाली. त्यांची मुलगी मोहोळला असते. गेल्या हिवाळ्यात मी माहेरी जाताना तिच्याकडं उतरले. चादर तिनं कपाटात जपून ठेवली असेल असं मला वाटलं होतं. छे! पलंगावर होती. धुऊन धुऊन पिवळा रंग हळदीच्या जुन्या डागासारखा झालेला. तिच्यावर उंच जावई दुपारचे झोपलेले, गुडघे पोटाशी घेऊन. शिकला होता बरं का माणूस.

मी म्हटलं, "अगं, उलटी तरी अंथर. ज्या बाजूला ओळ कमी आहे ती तोंडाकडं येऊ दे, पायाला जरा जास्त फुलं मिळतील."

ती हसली. मामांसारखीच, एका गालानं. मामांना ती नाना म्हणायची. "न्हाई मावशी. नानांनी सावकाश विणल्याली बाजू डोक्याकडं, आणि घाईची पायाकडं. आमच्यात अशीच अंथरत्यात."

नातीनं गोष्ट पुरी ऐकली. मग उठली, झेंडूची माळ नीट केली, कॉम्प्युटर बंद केला. आणि मला म्हणाली, "चल आज्जी, दुकान उघडं आहे. या वेळी कुकरचं झाकण पिशवीत घालून नेऊ."